सोलरचे काम आणि कारागिराचा जीव

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने घरगुती सोलरसाठी सूर्यघर योजना सुरू केली. तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान जाहीर झाले. काम वाढले, आपले वायरमन व वेल्डर बांधवही त्यात उतरले. धंदा हलाल आहे, बरकतीचा आहे. पण तो उंचीवरचा आहे.

धोका मुख्यतः दोन ठिकाणी असतो: छताची कड आणि सिमेंटचा पत्रा. जुना पत्रा मजबूत दिसतो, पण पाय पडताच तुटतो. म्हणून त्यावर फळ्या टाकूनच चालावे. पॅनल सुमारे दोन मीटर लांब आणि वीस किलोहून जड असते. वाऱ्यात ते शिडासारखे माणसाला ओढते. ते दोघांनी उचलावे, जोराचा वारा वा पाऊस असल्यास काम थांबवावे. उन्हात पॅनल वीज तयार करीतच असते. हलका झटका बसला तरी तोल जातो.

नुसता कमरेचा पट्टा पुरेसा नाही. खांदे व मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा घालावा. त्याचा दोर पक्क्या कॉलमला बांधावा, पाण्याच्या पाइपला नव्हे.

आम्ही व्यापारी भावात घासाघीस करतो. पण कमी केलेली रक्कम बहुधा या दोरातूनच कापली जाते. म्हणून ठेकेदाराने पट्टा-दोराचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहावा आणि घरमालकाने तो बिनतक्रार द्यावा. आधी उंट बांधायचा, मग तवक्कुल, ही आपली शिकवण आहे.