सणाचा फराळ आणि रशियन चहा

सणाचे मटणाचे जेवण झाले की चहाची तल्लफ येते. पण कश्रुतप्रमाणे त्यात दूध चालत नाही. मग काय करावे?

1880 नंतर रशियन साम्राज्यातील लिथुआनियातून अनेक यहुदी कुटुंबे आयर्लंडला गेली व डब्लिनच्या क्लॅनब्रासिल स्ट्रीटच्या आसपास राहिली. जवळच वॉलवर्थ रोडवरील जुन्या सिनागॉगमध्ये आज त्यांचे संग्रहालय आहे. 1985 साली त्याचे उद्घाटन आपले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष खाईम हर्झोग यांनी केले. ते डब्लिनमध्येच लहानाचे मोठे झाले होते.

आयरिश माणसाचा चहा आपल्यासारखाच, कडक व दूध घातलेला. रशियन रीत निराळी. लहान किटलीत दाट अर्क करतात. पेल्यात थोडा अर्क, वर उकळते पाणी आणि लिंबाची चकती. शब्बाथसाठी हा अर्क शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच करून ठेवता येतो.

आता फराळ. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, मधाचा केक ‘लेकाख’ असतो. तो गोड, म्हणून चहा बिनसाखरेचा घ्यावा. होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमला, खसखशीचे सारण भरलेल्या तिकोनी ‘हामानताशेन’बरोबर चहा जरा कडक बरा. शावुओतला चीज भरलेली धिरडी, म्हणजे ‘ब्लिंट्झ’ असतात. त्या दिवशी जेवण दुधाचे, तेव्हा आपला दुधाचा चहा खुशाल घ्यावा.

आपल्या आया मटणात नारळाचे दूध घालीत, तेही याच नेमासाठी. आम्ही आता सणाच्या जेवणानंतर लिंबाचाच चहा घेतो. नातवंडांनी कारण विचारले की नारळापासून सांगायला सुरुवात करतो.