आईचें मागणें

घरांतील आई गेली म्हणजे तेरा दिवस घर माणसांनीं भरलेलें असतें. पोकळी जाणवूं लागते ती त्यानंतर, पहाटेच्या वेळीं. देवघरांतून येणारा एक ओळखीचा आवाज थांबलेला असतो. अशा घरीं जाण्याचा प्रसंग आला कीं आम्हांस विनोबा भावे यांच्या मातोश्रींची आठवण होते.

रुक्मिणीबाई कर्नाटकांत वाढलेल्या. त्यामुळें काम करतां करतां कानडी भजनें त्यांच्या ओठीं येत. एकदां त्यांनीं देवाला तांदुळाची लाखोली वाहण्याचा नेम धरला. रोज एकेक दाणा मोजून वाहावयाचा. पति नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ. त्यांनीं सुचविलें, तोळाभर तांदुळांतले दाणे मोजावे, त्या हिशेबानें लाखाचें वजन करावें आणि वर थोडे अधिक घालावे, म्हणजे झालें! बाईंना उत्तर सुचेना. त्यांनीं विन्याला विचारलें. मुलगा म्हणाला, हें नुसतें गणित नव्हे. दाण्यागणिक देवाचें स्मरण होतें, तें वजनांत कसें येईल? बाईंचें समाधान झालें. ज्यांच्या घरीं अजून लाखोली वाहिली जाते त्यांना हें निराळें सांगावयास नको.

पुढें त्या गीतेच्या प्रवचनास जाऊं लागल्या. पण संस्कृत कळेना. मुलानें मराठी गद्य गीता आणून दिली. त्यांना पद्य हवें होतें. वामनपंडितांची समश्लोकी आणली, ती अवघड वाटली. तेव्हां त्या सहज म्हणाल्या कीं, मग तूंच सोपी गीता कां करीत नाहींस? मुलगा त्या वेळीं विशीच्या आंतबाहेर होता.

१९१६ सालीं विनोबांनीं घर सोडलें. १९१८ च्या ऑक्टोबरांत, इन्फ्लुएन्झाच्या सांथींत, बडोद्यास रुक्मिणीबाई निवर्तल्या. विनोबा जवळ होते. अंत्यविधि पुरोहिताकडून व्हावा असें वडिलांचें मत. विनोबांना तो आपल्या हातानें करावयाचा होता. तें जमलें नाहीं, म्हणून ते स्मशानांत गेलेच नाहींत. घरींच वेद वाचीत बसले. हें आमच्या कित्येक वाचकांस रुचणार नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि चुटपुट लागते. जिनें एकेक दाणा मोजला तिला पुत्रानें पोंचवावयास यावें असें वाटलें नसतें काय? पण वडील काय किंवा मुलगा काय, त्या दिवशीं दोघांपैकीं कोणीहि आईशीं खोटेपणानें वागला नाहीं, एवढें मात्र आम्हांस मान्य करावें लागतें. आईचें एक लुगडें विनोबांनीं कित्येक वर्षें उशाशीं ठेवलें, आणि शेवटीं साबरमतीच्या प्रवाहांत सोडून दिलें.

मागणें मात्र उरलें होतें. ७ ऑक्टोबर १९३० रोजीं वर्ध्यास त्यांनीं गीतेचा समश्लोकी अनुवाद हातीं घेतला आणि पुढच्या फेब्रुवारींत तो संपविला. नांव ठेवलें ‘गीताई’. १९३२ सालीं ती छापून निघाली तेव्हां ते धुळ्याच्या तुरुंगांत होते आणि तेथें गीतेवर प्रवचनें करीत होते. तीं उतरून घेणारे साने गुरुजी; त्यांचीहि आई १९१७ मध्येंच गेलेली. दुसऱ्या वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत त्यांनीं ‘श्यामची आई’ लिहिली.

गीताईच्या लाखों प्रती आजवर घरोघरीं गेल्या आहेत. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाई, ज्यांना संस्कृताचें अक्षर येत नाहीं, रोज आंघोळ झाल्यावर तिचा एक अध्याय वाचतात.