प्रेमातला धाक वेळीच ओळखा

आरोग्याच्या पानावर प्रेमसंबंधांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. रक्तक्षय, सिकलसेल, रक्तदाब हे विषय इथे शोभतात. मुलामुलींच्या भानगडी कशाला? पण जोडीदाराकडून होणारी मारहाण, धाक आणि छळ यांनीही माणूस आजारी पडतो आणि कधी जिवालाही मुकतो. जागतिक आरोग्य संघटना याला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानते. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. बाकीच्या सोसत राहिल्या.

ही आकडेवारी लग्नानंतरची आहे. पण माणसाचा स्वभाव लग्नाच्या दिवशी अचानक बदलत नाही. कॉलेजात जुळलेले प्रेम असो, वस्तीतली ओळख असो की स्थळ पक्के झाल्यावरचे फोनवरचे बोलणे असो, पुढच्या छळाची चाहूल बऱ्याचदा आधीच लागलेली असते. ती कशी ओळखायची आणि ओळखल्यावर काय करायचे, ते आपण या लेखात पाहू.

हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला. त्यात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. म्हणजे हात न उगारताही हिंसा होते. या चारही प्रकारांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, ती म्हणजे दुसऱ्या माणसावर ताबा मिळवणे. 'त्याला राग आवरत नाही' असे आपण म्हणतो. पण तोच मुलगा साहेबासमोर, पोलिसासमोर, मित्रांसमोर राग बरोबर आवरतो. मग तो तिच्यासमोरच का आवरत नाही? कारण तिथे आपले काही बिघडणार नाही, हे त्याला ठाऊक असते.

सुरुवातीची लक्षणे

फार घाई. ओळख होऊन महिना झाला नाही तोच 'तुझ्याशिवाय जगू शकत नाही', 'आत्ताच लग्नाचे वचन दे' अशी भाषा सुरू होते. विचार करायला वेळ मागितला की रुसवा किंवा संताप येतो. ज्याचा हेतू चांगला आहे, तो थांबायला तयार असतो.

काळजीच्या नावाखाली पाळत. 'पोचलीस का?' असा एक फोन ही काळजी झाली. दर तासाला फोन, व्हिडिओ कॉल करून 'आजूबाजूला कोण आहे ते दाखव', मोबाईलचा पासवर्ड मागणे, लोकेशन चालू ठेवायला लावणे, व्हॉट्सॲपवर 'कुणाशी बोलत होतीस' म्हणून उलटतपासणी ही पाळत आहे. सुरुवातीला हे प्रेमाचे वाटते. पुढे उत्तर द्यायला पाच मिनिटे उशीर झाला तरी छातीत धडधड होऊ लागते.

माणसे तोडणे. आधी एखादी मैत्रीण त्याला आवडत नाही. मग मावसभाऊ खटकतो, मग विहारातल्या कार्यक्रमाला जाणे बंद होते आणि शेवटी आईशी बोलणेही चोरून करावे लागते. एकटी पडलेली मुलगी मदत कुणाकडे मागणार?

अपमान आणि वर 'गंमत केली'. रंगावरून, अंगावरून, इंग्रजी बोलण्यावरून टोमणे, चारचौघांत पाणउतारा आणि वाईट वाटले असे म्हटले तर 'तुला विनोद कळत नाही.' जोडीदार दुसऱ्या जातीचा असेल तर 'तुमच्यात असेच असते', 'माझ्यामुळे तुला किंमत आली' अशी वाक्येही येतात. जातीवरून हिणवणे ही चेष्टा नव्हे. जो भांडणात जात काढतो, तो लग्नानंतर त्याच्या घरच्यांनी जात काढली तर तुमच्या बाजूने उभा राहील, हे धरून चालू नका.

शिक्षण, नोकरी आणि पैसा. 'तुला नोकरीची गरज काय?', परीक्षेच्या आदल्या रात्रीच भांडण उकरून काढणे, शिष्यवृत्तीचे किंवा पगाराचे पैसे 'सांभाळायला' मागणे, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवणे, तुमच्या नावावर कर्ज काढायला लावणे. शिकून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची वाट आपल्याला मोठ्या कष्टाने मिळाली आहे. ती अडवणारा माणूस जोडीदार होऊ शकत नाही.

शरीरावर हक्क. नको म्हटल्यावर 'मग तुझे माझ्यावर प्रेम नाही' असे म्हणून भाग पाडणे, निरोध वापरायला नकार देणे, खासगी फोटो मागणे आणि पुढे तेच 'घरच्यांना पाठवीन' म्हणून धमकावणे. एकदा हो म्हटले म्हणजे कायमचे हो, असे होत नाही. लग्नाचे वचन दिले म्हणूनही शरीरावर हक्क मिळत नाही.

मरण्याची धमकी. 'तू सोडलेस तर नस कापून घेईन.' अशी धमकी आली तर ती हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या घरच्यांना लगेच कळवा, गरज वाटल्यास ११२ वर फोन करा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी मोफत सल्ला मिळतो. मात्र त्याला जिवंत ठेवण्यासाठी तुम्ही त्याच्यासोबत राहिलेच पाहिजे, असे नाही.

यातली एखादी गोष्ट एखाद्या वेळी कुणाकडूनही घडू शकते. पाहायचे ते असे की, ती पुन्हापुन्हा घडते का? सांगितल्यावर तो बदलतो की उलट तुम्हालाच दोष देतो? सर्वांत साधी खूण म्हणजे तुम्हाला त्याची भीती वाटते का? बोलण्याआधी, कपडे घालण्याआधी, कुणाचा फोन घेण्याआधी 'त्याला काय वाटेल' याची धास्ती वाटत असेल, तर त्या नात्यात धाक शिरला आहे.

मार, माफी आणि पुन्हा मार

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली अशा नात्यांतले एक चक्र मांडले. आधी ताण वाढत जातो, मग स्फोट होतो, नंतर माफी, रडणे, भेटवस्तू आणि गोड दिवस येतात. काही दिवसांनी ताण पुन्हा वाढू लागतो. प्रत्येक नात्यात हे असेच घडते असे नाही. पण अनेक जणी का परत जातात, ते यावरून समजते. त्या मूर्ख नसतात. गोड दिवसांतला माणूसच खरा आहे, अशी त्यांना आशा असते. म्हणून माफी किती मनापासून मागितली हे पाहू नका, माफीनंतर वागणे बदलले का ते पाहा.

ही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नका

गळा दाबणे हे सर्वांत गंभीर लक्षण आहे. ज्याने एकदा गळा दाबला, त्याच्याकडून पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसला नाही तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, श्वास लागणे, चक्कर, डोळ्यांत रक्त उतरणे यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालयात जा आणि 'गळा दाबला होता' असे स्पष्ट सांगा.

हत्यार दाखवणे, 'मारून टाकीन' किंवा 'ॲसिड फेकीन' म्हणणे, गरोदरपणात मारणे, पाठलाग करणे, मार वाढत जाणे ही लक्षणेही तितकीच धोक्याची आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : नाते तोडण्याचा काळ सर्वांत जोखमीचा असतो. म्हणून 'शेवटचे एकदा एकटी भेटायला ये' या बोलावण्याला जाऊ नका. सांगायचे ते फोनवर सांगा, किंवा भरवशाच्या माणसाला सोबत घेऊन गर्दीच्या ठिकाणी सांगा.

अंगावर निघणारा धाक

सतत भीतीत राहणाऱ्या व्यक्तीला झोप लागत नाही, डोके आणि पोट दुखते, भूक मरते, अभ्यासात लक्ष लागत नाही. उदासी आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात. नको असलेले गरोदरपण आणि लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग वाढतात. गरोदरपणी मार बसला तर गर्भपात होण्याचा, बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका असतो. वारंवार दवाखान्यात जाऊनही तपासणीत काही सापडत नसेल, तर डॉक्टरांना घरातले किंवा नात्यातले खरे कारण सांगा. सज्ञान स्त्रीला कायदेशीर गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा मित्राची सही लागत नाही.

आपल्याकडे अडते कुठे?

आम्हाला इथे आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. मुलगा जयंतीच्या मंडळात पुढे असतो, भाषण चांगले करतो, घरात बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो असतो. त्याच्याविरुद्ध मुलीने तोंड उघडले की 'चळवळीतला पोरगा आहे, तो असे करणार नाही' असे उत्तर मिळते. किंवा 'आपल्याच लोकांची बदनामी कशाला, बाहेरचे हसतील' असे म्हणून तिला गप्प बसवले जाते. बाहेरच्यांनी आपल्याला बदनाम केले आहे, हे खरेच आहे. पण त्याची किंमत आपल्याच मुलीने मार खाऊन का द्यावी?

जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे आणि घरातला अधिकार तिच्या हाती देणे ही त्यांतलीच आहेत. विहारात पंचशील म्हणणारा आणि घरी जोडीदाराला धाकात ठेवणारा माणूस धम्माचे पालन करत नाही, हे आपणच म्हटले पाहिजे.

दुसरी अडचण पालकांची आहे. मुलीने सांगितले की तिचे कॉलेज बंद होते, मोबाईल काढून घेतला जातो, घाईने स्थळ शोधले जाते. गुन्हा त्याचा आणि शिक्षा हिला. मुली हे जाणून असतात, म्हणून सांगत नाहीत. 'काहीही झाले तरी आधी आम्हाला सांग, तुझे शिक्षण थांबणार नाही' हे वाक्य पालकांनी वेळ येण्याआधीच मुलीला सांगून ठेवावे.

काय करावे?

निदान एका भरवशाच्या व्यक्तीला सगळे सांगा. मेसेज, फोटो, कॉलची नोंद जपून ठेवा आणि त्याची प्रत त्या व्यक्तीकडे द्या. आधार कार्ड, जातीचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक एका जागी, त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. मोबाईल, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. इजा झाली असेल तर सरकारी रुग्णालयात जाऊन नोंद करून घ्या.

सोबत राहणाऱ्या जोडीदाराविरुद्ध, लग्न झालेले नसले तरी नाते लग्नासारखे असेल तर, २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. सोबत राहत नसलेल्या मित्राने पाठलाग केला, नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे. फोटोंची धमकी आली तर पैसे देऊ नका, तक्रार करा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर १०९८ वर कळवा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

मैत्रिणीला त्रास होतोय हे कळले तर 'तू अजून त्याला सोडत का नाहीस?' असे विचारू नका. 'माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही, तू म्हणशील तेव्हा मी येईन' एवढे म्हणा आणि ते पाळा. ती परत गेली तरी बोलणे तोडू नका. असा छळ मुलांचाही होऊ शकतो. त्यांनाही हसू नका.

आणि मुलांनो, ही लक्षणे वाचताना त्यांत स्वतःचे वागणे दिसले असेल तर तिला दोष देण्याआधी थांबा आणि समुपदेशकाची मदत घ्या. नाही म्हणण्याचा तिचा हक्क मान्य करणे, ही समतेची पहिली परीक्षा आहे.

महिला मंडळांना आणि विहार समित्यांना आमची विनंती आहे की, पुढच्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या विषयावर बोला आणि खालचे क्रमांक विहाराच्या फलकावर लावा.

महिला हेल्पलाइन १८१. तातडीची मदत ११२. बालकांसाठी १०९८. मोफत कायदेशीर मदत १५१००. मानसिक आरोग्य सल्ला १४४१६. सायबर गुन्हे १९३०.