उतार शून्य झाला, पुढे काय?

एका रेषेचे दोन तुकडे असे करायचे, की त्यांच्या लांबींचा गुणाकार जास्तीत जास्त भरेल. फ्रेंच गणिती पिएर द फर्माने हा प्रश्न ज्या युक्तीने सोडवला, त्या युक्तीवर १६३८ मध्ये देकार्तने कडाडून टीका केली होती. युक्तीचा गाभा असा, की शिखराच्या अगदी जवळ किंचित सरकले तरी किमतीत जवळपास फरक पडत नाही. आजच्या भाषेत, तिथे अवकलज, म्हणजे उतार, शून्य असतो. पण याचे उलटे खरे नाही. उतार शून्य असलेली जागा शिखर असेल, दरी असेल किंवा चढणीतला नुसता सपाट टप्पाही असेल.

विद्यार्थी अशा वेळी सवयीने दुसरा अवकलज काढतात. तो ऋण आला तर शिखर, धन आला तर दरी. शून्य आला की गाडी अडते. खरे तर निवाडा बहुधा पहिल्याच अवकलजात लिहिलेला असतो. क्षच्या पाचव्या घाताच्या तिपटीतून त्याच्या घनाची पाचपट वजा करा. या बहुपदीचा अवकलज अवयव पाडून मांडला, तर १५ × क्ष × क्ष × (क्ष − १) × (क्ष + १) असा दिसतो. म्हणजे संशयित तीन: −१, ० आणि १. −१ आणि १ यांचे अवयव एकेकदाच आलेत, त्यामुळे तो बिंदू ओलांडताना अवकलजाचे चिन्ह पालटते: −१ पाशी शिखर (किंमत २), १ पाशी दरी (किंमत −२). क्ष मात्र दोनदा आलाय. त्याचा वर्ग कधीच ऋण होत नाही, म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंना उतरणच राहते. शिखर फक्त आसपासच्या मुलखापुरते, हेही ध्यानात ठेवावे. क्ष २ असताना हीच बहुपदी ५६ वर जाते.

अवयव दर वेळी पडतातच कुठे, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पाचव्या घाताच्या समीकरणाला सर्वसाधारण बीजगणिती सूत्र नाही, हे आबेलने १८२४ मध्येच दाखवले. पण चिन्हासाठी मूळ नेमके कळायची गरज नसते. ते कोणत्या दोन संख्यांमध्ये एकटे सापडले, एवढे पुरते, आणि त्यासाठी स्टुर्मची १८२९ची पद्धत आहे.

मग मोबाइलवर आलेख काढून डोळ्यांनीच का पाहू नये? क्षच्या घनातून ०.०००३ क्ष वजा करून बघा. नेहमीच्या मापावर मधोमध सपाट टप्पा दिसतो. अवकलज मात्र ३ × (क्ष − ०.०१) × (क्ष + ०.०१) आहे. अवयव दोन, दोन्ही एकेकदाच. म्हणजे तिथे एक शिखर आणि एक दरी आहे, उंचीतला फरक ०.०००००४.