ट्युलिप पाहिलीत, आता कुसुबी पाहा

मार्च संपत आला की काश्मीर सहलींच्या जाहिराती येऊ लागतात आणि त्यांत ट्युलिपचा फोटो हमखास असतो. श्रीनगरची ही बाग झबरवान डोंगराच्या उतारावर, दल सरोवराजवळ आहे. ती २००७ साली खुली झाली. २०२३ मध्ये तिथे ६८ जातींचे सुमारे १५ लाख कंद लावले होते. बहर मात्र जेमतेम महिनाभराचा. त्यापूर्वी आपल्यापैकी अनेकांनी ट्युलिपचे ताटवे पाहिले ते 'सिलसिला' (१९८१) या चित्रपटात, हॉलंडमधले.

हॉलंडच्या शेतांतली एक गोष्ट फोटोत दिसत नाही. तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांचे पीक फूल नसते, जमिनीखालचा कंद असतो. फुले उमलली की काही दिवसांत त्यांचे शेंडे यंत्राने छाटून टाकतात, म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात न जाता कंदात उतरते. फोटोसाठी वाफ्यात शिरणारा पाहुणा पीकच तुडवतो. त्याच्या बुटांच्या मातीतून रोगही पसरू शकतो. म्हणून तिथे शेतांभोवती दोऱ्या बांधून पाट्या लावाव्या लागल्या. आपल्या राज्यात गुंडलुपेटकडे रस्त्याकाठच्या सूर्यफुलांत फोटो काढणाऱ्यांकडून शेतकरी पैसे घेऊ लागले. त्यात त्यांचे काय चुकले?

ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी काही आठवडे कडक थंडी लागते. आपल्या काळ्या रानात ते जमणार नाही. पण 'हूविन बळ्ळी', म्हणजे फुलांची वेल, यावरून ज्या गावाचे नाव पडले असे सांगतात, त्या हुबळीकरांना फुलांची शेते पाहायला विमान कशाला हवे? हुबळीहून गदगकडे निघा. अण्णिगेरीच्या आसपास किंवा नवलगुंदच्या बाजूला जानेवारी-फेब्रुवारीत कुसुबी फुलते. मराठीत हीच करडई. फूल आधी पिवळे, मग केशरी, वाळताना लालसर होते. कुसुंबी रंग याच पाकळ्यांचा. काटेरी असल्याने पूर्वीपासून ती ज्वारी-हरभऱ्याच्या कडेला पेरतात, जनावरे आत शिरत नाहीत.

येळ्ळ अमावास्येला बुत्ती बांधून रानात जायची चाल आपल्याकडे आहेच. तशीच एक फेरी त्यानंतर महिनाभराने काढावी. वाटेत अण्णिगेरीचे चालुक्यकालीन अमृतेश्वर मंदिरही पाहून होईल. सकाळी लवकर पोहोचावे. दवाने काटे मऊ असतात आणि ऊनही कोवळे असते. सूर्यफुलाचे शेत लागले तर पूर्वेच्या बांधावर, सूर्याकडे पाठ करून उभे राहावे. पूर्ण उमललेली फुले पूर्वेकडेच तोंड करून असतात, ती थेट कॅमेऱ्यात पाहतात. मुलांना बांधावर बसवून कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणला की मागे सगळे शेत पिवळे दिसते. पण आधी शेताच्या मालकाला हाक मारावी, कन्नडात विचारावे आणि बांध सोडू नये.

घाई करण्याचे कारण वेगळे आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही कुसुबीची मुख्य राज्ये, पण गेल्या काही दशकांत तिचे क्षेत्र फार घटले. काट्यांमुळे काढणीला मजूर तयार होत नाहीत आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त पामतेलापुढे कुसुबीचे तेल महाग पडते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण तयार केले, तरी शेतकरी पेरील ते भाव मिळाला तरच. म्हणून परतताना गाण्यावरून लिटरभर कुसुबी तेल घ्यावे. आपल्या आज्या भाकरीबरोबरच्या शेंगा-चटणीवर हेच तेल घालत.

आणि फोटोची एक प्रत कागदावर काढून मागे पिकाचे नाव मराठीत व कन्नडात, गाव आणि साल लिहून ठेवावे. दहा वर्षांनी मुलांना ते शेत दाखवायला नेता येईलच, असे आज तरी सांगता येत नाही.