वायफाय अडतंय कुठं?

परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख, लॅपटॉप आतल्या खोलीत, आणि पडद्यावर ते चक्र नुसतं गोल गोल फिरतंय! ताई दादावर ओरडते, दादा कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. थांबा. आधी चोर कोण, ते शोधू या.

लॅपटॉप उचला आणि थेट राउटरशेजारी ठेवा. तिथंही पान उघडायला वेळ लागला, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीचा. कंपनीला फोन करायचं काम आईबाबांचं. तिथं मात्र झरझर चाललं, तर लहरी वाटेत अडताहेत.

वायफाय म्हणजे रेडिओलहरीच, बरं का! जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. आपल्या घरातल्या बऱ्याच राउटरमधून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ गिगाहर्ट्‌झची सहा. आखूड लहर वेगानं माहिती नेते, पण भिंतींपुढे लवकर दमते. म्हणून वायफायची दोन नावं दिसत असतील, तर लांबच्या खोलीत २.४ चं निवडून पाहा.

या लहरींचे वैरी दोन, धातू आणि पाणी. लोखंडी कपाट त्यांना परतवून लावतं. स्लॅबमधल्या सळ्याही तेच करतात. माशांची टाकी तर त्यांना पिऊनच टाकते! आणि आपण राउटर ठेवतो कुठं? टीव्हीच्या मागं, कोपऱ्यात. का, तर दिसायला बरा दिसत नाही! त्याला घराच्या मध्यावर, उंच, मोकळ्या जागी आणा. अँटेना असेल तर उभा ठेवा, कारण लहरी त्याच्या टोकातून नव्हे, बाजूंनी पसरतात. मायक्रोवेव्ह ओव्हनपासूनही त्याला लांबच ठेवा. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणजे अगदी शेजारीच.

आता खरी गंमत. लॅपटॉप टेबलावरच चार-सहा बोटं सरकवा, नाहीतर थोडा फिरवा. कधीकधी तेवढ्यानंही काम होतं! भिंतींवर आपटून आलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरींना भेटतात. कुठं दोघी मिळून जोर वाढवतात, कुठं एकमेकींना पुसून टाकतात. पुसलेल्या जागेपासून जोराची जागा काही सेंटिमीटरवरच असू शकते. लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतो, त्यामुळे पडद्याचा कोन बदलूनही फरक पडतो. वहीत घराचा नकाशा काढा, प्रत्येक जागी सिग्नलच्या किती रेघा दिसतात ते लिहा. सुट्टीतला उद्योग झकास!

एवढं करूनही आतली खोली कोरडीच राहिली, तर राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ लॅनची केबल ओढा. लॅपटॉपला तिची खाच नसेल, तर यूएसबीला लावायचं जोडणीचं साधन दुकानात मिळतं. फॉर्म भरायच्या दिवशी तर आधी केबलच लावा, नकाशा नंतर.