सड्यावरच्या रेंजपासून वानखेडेवरच्या हुर्योपर्यंत

मालवण तालुक्यातल्या आमच्या मसुऱ्यापासून मुंबईचं वानखेडे स्टेडियम सुमारे पाचशे किलोमीटर. तरी मुंबई इंडियन्सचा पाठीराखा नाही असं घर इथल्या वाड्यांमध्ये शोधूनच काढावं लागेल. घरटी एक तरी माणूस मुंबईला, मग टीमही मुंबईचीच. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा हे नातं टीव्हीपुरतं आणि पेपरापुरतं होतं. मे २०१० मध्ये सचिन तेंडुलकर ट्विटरवर आला, ही बातमीसुद्धा आम्ही पेपरातच वाचली. फोनला रेंज मिळायला सडा, म्हणजे वरचा कातळमाळ, चढावा लागे, तिथे ट्विटर कोण बघणार?

जुलै २०१४ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी सुरू झाली. कबड्डी कोकणाला कुणी शिकवायची गरज नव्हती, पण खेळाडूचा चेहरा मैदानाबाहेर कुणाला ठाऊक नसे. तो लीगने दिला. शिवाय चढाई तीस सेकंदांची; मोबाइलवरच्या व्हिडिओला याहून सोयीचं माप नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं, तेव्हा कबड्डीच्या टीमकडे दाखवायला माल तयारच होता. २०१८ मध्ये चंदगडच्या सिद्धार्थ देसाईने यू मुंबाकडून पहिल्याच मोसमात चढाईचे दोनशेच्या वर गुण मिळवले. त्याच्या चढाया वाडीच्या ग्रुपवर फिरत, आणि घाटावरचा तो पोरगा जणू शेजारच्या वाडीतला झाला.

क्रिकेटवाले यात मागे नव्हते. सरावाची क्षणचित्रं, ड्रेसिंग रूममधली भाषणं, खेळाडूंची थट्टामस्करी रोज मोबाइलवर येऊ लागली. मुंबई इंडियन्स आपल्या चाहत्यांना 'पलटण' म्हणते. पुण्याच्या तर कबड्डी टीमचंच नाव पलटण, आता बोला! कोरोनामुळे २०२० ची आयपीएल अमिरातीत रिकाम्या स्टेडियममध्ये झाली. त्या वर्षी कितीतरी चाकरमानी गावातच होते. दुकानाच्या ओट्यावर बरणीला मोबाइल टेकवून दहा डोकी त्यावर वाकायची. मुंबईने पाचवं विजेतेपद जिंकलं ते असं पाहिलं गेलं. २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवली आणि मराठी समालोचनही दिलं. त्या समालोचन कक्षात बसणाऱ्या क्रिकेटपटू केदार जाधवला मोसमाच्या मध्यावर बंगळुरूच्या टीमने खेळायलाच बोलावून घेतलं.

तोवर बोलायची टीम आणि ऐकायचा चाहता. १५ डिसेंबर २०२३ ला ते उलटलं. रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्या कर्णधार झाल्याची पोस्ट पडली आणि थोड्याच वेळात मुंबई इंडियन्सचे लाखांच्या घरात फॉलोअर कमी झाले. "आपल्या रोहितक काढल्यानी रे!" इकडचा सूर हा. टीमने वर्षानुवर्षं 'आपण एक कुटुंब' असं सांगितल्यावर कुटुंबातली माणसं घरातला निर्णय विचारणारच. एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडाली; नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. त्या मोसमात मुंबई तळाला गेली. जूनमध्ये भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा गजर झाला. मला विचाराल तर टीमच्या प्रसिद्धी विभागाने हजार पोस्टी टाकून जे साधलं नसतं, ते विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातल्या त्याच्या शेवटच्या षटकाने साधलं.

कोकणाच्या नावाची टीमही आता आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये रत्नागिरी जेट्सने २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवली. पण ते सामने झाले पुण्याजवळच्या गहुंज्याला. म्हणजे नाव कोकणाचं आणि मैदान घाटावर. कोकणातल्या बहुतेकांना ही टीम भेटली ती फोनवरच. फोनवरचं नातं प्रत्यक्ष गर्दीत कसं उतरतं, ते आमच्याकडे बघावं: आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा याच मसुऱ्यातली. तिची तारीख देवीच्या कौलाने ठरली की व्हॉट्सॲपवरून मुंबईभर पसरते, आणि लाखो माणसं प्रत्यक्ष येऊन रांगेत उभी राहतात. जेट्सवाल्यांनी एक रील कमी केली तरी चालेल, पण मोसमापूर्वी दोन दिवस सराव कोकणात, शक्यतो मालवण तालुक्यात ठेवावा. पोरं बघायला येतील.